खुर्च्या आणि मिनिटं: सिंफनी ऑर्केस्ट्राच्या आर्टिस्टिक प्लॅनिंगमध्ये नक्की काय काम असतं

भाचीची एक मैत्रीण आहे, पुण्यात व्हायोलिन शिकते, नुकतंच एमबीए झालंय. तिने मला विचारलं, "मावशी, सिंफनी ऑर्केस्ट्राच्या ऑफिसात आर्टिस्टिक प्लॅनिंग म्हणून जे खातं असतं तिथे तुम्ही दिवसभर करता काय? कुठली सिंफनी वाजवायची ते ठरवायचं, एवढंच ना? आणि त्यासाठी स्वतःला वाजवता यावं लागतं का? आणि मुंबईत असलं काम मिळेल का?" फोनवर दोन वाक्यांत सांगायला गेले आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की मी अजून एजंट लोकांपर्यंत पण पोचले नाहीये, म्हणून आता नीट लिहूनच काढते.

आधी एक सांगते. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला ऑर्केस्ट्रा डोळ्यासमोर येतो. माझी सांगलीची आत्या अजून अभिमानाने सांगते की आमची पोरगी अमेरिकेत ऑर्केस्ट्रात आहे, आणि लोक विचारतात मग लताबाईंची कुठली गाणी म्हणते. तर तसलं काही नाही, हा पाश्चात्य शास्त्रीय संगीत वाजवणारा मोठा वाद्यवृंद. मी अमेरिकेतल्या एका मध्यम शहरातल्या सिंफनी ऑर्केस्ट्रात 21 वर्षं आहे. पहिली 6 वर्षं म्युझिक लायब्ररीत, नंतर प्लॅनिंगमध्ये. नाव मुद्दाम सांगत नाही कारण पुढे थोडी उखाळीपाखाळी पण येणार आहे.

कुठली सिंफनी वाजवायची, हा प्रश्न आमच्याकडे जवळजवळ शेवटी येतो. त्याच्या आधी येतं ते हॉल कधी रिकामा आहे, म्युझिक डायरेक्टर कुठल्या आठवड्यात गावात आहे (म्युझिक डायरेक्टर म्हणजे मुख्य कंडक्टर, पण तो वर्षभर तिथे नसतो, वर्षातून साधारण 10 ते 14 आठवडे, बाकी पाहुणे कंडक्टर), कुठला सोलोइस्ट (ऑर्केस्ट्रापुढे एकटा वाजवणारा पाहुणा कलाकार) त्या आठवड्यात अमेरिकेत आहे, आणि त्या आठवड्यात आपल्याला स्टेजवर किती माणसं परवडतात. हे सगळं एका मोठ्या ग्रिडमध्ये भरायचं. बऱ्याच ऑर्केस्ट्रांत ओपास नावाचं सॉफ्टवेअर असतं, खास ऑर्केस्ट्रांसाठीच बनवलेलं, त्यात प्रत्येक कृतीची, म्हणजे संगीतरचनेची, वाद्यसंख्या, मिनिटं, आपण ती शेवटची कधी वाजवली, कोणी कंडक्ट केली असं सगळं राहतं. पण खरं सांगू, पहिली दोन वर्षं सगळं एक्सेलमध्येच आणि कोणाच्या तरी डोक्यात असतं, पक्कं झालं की मग ओपासमध्ये जातं.

आणि हे सगळं दोन-तीन वर्षं आधी. लग्नाचा हॉल सहा महिने आधी मिळत नाही म्हणून आपण रडतो, इथे बरा पियानिस्ट हवा असेल तर आज बसून पुढच्याच्या पुढच्या हंगामाचं बोलावं लागतं. हॉलला "फर्स्ट होल्ड", "सेकंड होल्ड" असे नंबर लागलेले असतात, म्हणजे एका तारखेवर पहिला हक्क आपला, दुसरा कुठल्या तरी टूरिंग म्युझिकलचा. ते म्युझिकलवाले आले आणि म्हणाले आम्ही आज सही करायला तयार आहोत, तर आपल्याला ठरलेल्या मुदतीत हो किंवा नाही सांगावं लागतं, आणि तेव्हा कंडक्टर जपानमध्ये झोपलेला असतो.

आता खुर्च्या. या धंद्यात शिरल्यावर पहिली भाषा शिकायची ती आकड्यांची. कुठल्याही कृतीपुढे असं लिहिलेलं असतं: 2 2 2 2 – 4 2 3 1. पहिले चार आकडे लाकडी फुंकवाद्यांचे: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून नावाचं वाद्य. पुढचे चार पितळी: हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, टुबा. मग टिंपनी (मोठे नगारे), पर्कशन म्हणजे बाकी तालवाद्यं किती, हार्प आहे का, पियानो किंवा सेलेस्टा (घंटीसारखा आवाज देणारं पट्ट्यांचं वाद्य) आहे का, आणि शेवटी स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं. हे आकडे बघून मला आता भूक लागते किंवा घाम फुटतो, मधलं काही नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात लाकडी फुंकवाद्यांची प्रत्येकी 3 माणसं पगारी आहेत, हार्प एक. म्हणजे कृतीत 4 फ्लूट आले की एक माणूस बाहेरून आणायचा, 2 हार्प आल्या की एक हार्प आणि एक हार्पवाली, आणि ती हार्प येण्याजाण्याचं भाडं वेगळं.

बाहेरून आलेल्या माणसाला पैसे "सर्व्हिस"प्रमाणे. सर्व्हिस म्हणजे एक रिहर्सल किंवा एक कॉन्सर्ट. आमच्याकडे नेहमीच्या आठवड्यात 4 रिहर्सल, प्रत्येकी अडीच तासांची, आणि 3 कॉन्सर्ट, म्हणजे 7 सर्व्हिस. वादकांच्या युनियनच्या करारात आठवड्याला 8 च्या वर जाता येत नाही. रिहर्सलमध्ये ब्रेक किती आणि कधी ते पण करारात आहे, आणि अडीच तास झाले की पर्सोनेल मॅनेजर (वादकांची हजेरी आणि वेळ बघणारी) उभी राहते, मग कंडक्टर सिंफनीच्या शेवटच्या पानावर का असेना. त्याच्या पुढे गेलं तर ओव्हरटाइम. नवीन कंडक्टरांना हे जाचक वाटतं, मला आधी वाटायचं, आता नाही वाटत, कारण ओठांनी वाजवणाऱ्या माणसाला तीन तासांनंतर काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

यात गंमत अशी की मोठी कृती म्हणजे महाग आणि छोटी म्हणजे स्वस्त असं सरळ नसतं. ड्वोर्झाकची 9 वी सिंफनी घे, न्यू वर्ल्ड, जगात सगळीकडे वाजते, एकदम घरगुती वाटते. त्यात टुबा फक्त दुसऱ्या भागात आहे आणि सगळे मिळून 14 सूर. झांजेचा एक टोला, तो पण शेवटच्या भागात, आणि हलकाच. आमच्याकडे टुबावाला पगारी आहे म्हणून चालतं, पण छोट्या ऑर्केस्ट्राला त्या 14 सुरांसाठी आख्ख्या आठवड्याच्या सर्व्हिस मोजाव्या लागतात. बेथोव्हेनच्या 5 व्या सिंफनीत पिकोलो, कॉन्ट्राबसून आणि तीन ट्रॉम्बोन शेवटच्या भागापर्यंत नुसते बसून असतात. 9 व्या सिंफनीत तर कॉयरचे, म्हणजे समूहगायनाचे, शंभरेक लोक आणि चार सोलो गायक शेवटच्या साधारण 25 मिनिटांसाठी. मग प्रश्न येतो की त्या चार गायकांनी सुरुवातीपासून स्टेजवर बसायचं की दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मध्ये यायचं. मध्ये आले तर लोक टाळ्या वाजवतात आणि तिसरा भाग इतका नाजूक सुरू होतो की कंडक्टरचं तोंड बघण्यासारखं होतं. पहिल्यापासून बसवलं तर गायक म्हणतात एसीत पाऊण तास गप्प बसून घसा बसतो. दोघांचंही बरोबर असतं. या एका विषयावर माझ्याकडे अख्खा ईमेल फोल्डर आहे.

म्हणून आम्ही काय करतो, एकदा महागडी माणसं आणलीच आहेत तर त्याच कार्यक्रमात त्यांना अजून एखादं काम देतो. पंगतीत जिलबी करायचीच आहे तर आचारी आलाच आहे, मठ्ठा पण करून घ्या, तसं. बर्लिओझच्या फँटास्टिक सिंफनीला 2 हार्प लागतात, त्या पण फक्त दुसऱ्या भागात, मग पहिल्या अर्ध्यात काहीतरी फ्रेंच दोन हार्पवालं ठेवायचं. उलट एका कृतीत सेलेस्टा, दुसरीत सॅक्सोफोन, तिसरीत ऑर्गन असा कार्यक्रम कोणी आणून दिला की समजायचं याने आकडे बघितलेले नाहीत, नुसती प्लेलिस्ट केली आहे.

मिनिटं पण तशीच. पहिला अर्धा 45 च्या आत, दुसरा 45 च्या आसपास, मध्ये 20 मिनिटांचं इंटरव्हल. ओव्हर्चर (सुरुवातीची छोटी कृती), मग कॉन्चर्टो (सोलोइस्ट आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवतात ती कृती), मग इंटरव्हल, मग सिंफनी, हा क्रम लोकांना जुनाट वाटतो पण त्यामागे एक साधं कारण पियानो आहे. मोठा ग्रँड पियानो एकदाच मधोमध आणायचा आणि इंटरव्हलमध्ये न्यायचा. पियानो कॉन्चर्टो दुसऱ्या अर्ध्याच्या मध्यात टाकला तर दोनदा पियानो ढकलायचा, दोनदा व्हायोलिनवाल्यांनी खुर्च्या उचलायच्या, आणि लोकांनी दहा मिनिटं स्टेजवरची हमाली बघत बसायचं.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते म्हणजे कळेल मी खुर्च्या-मिनिटं का घोकत बसते. प्लॅनिंगमध्ये माझं दुसरंच वर्ष. एका पाहुण्या कंडक्टरच्या एजंटचा ईमेल आला, दुसऱ्या अर्ध्यात रॅव्हेलचं मदर गूज सूट (सूट म्हणजे छोट्या भागांची मालिका) आणि स्ट्राव्हिन्स्कीचं फायरबर्ड. मी म्हटलं वा, छान, जोडी जमली. ग्रिडमध्ये टाकलं, बजेट गेलं, ब्रोशर छापून झालं, एका देणगीदार बाईंनी रॅव्हेलसाठी पैसे दिले कारण त्यांच्या नवऱ्याला ते आवडायचं. आणि पाच महिने आधी कंडक्टरच्या असिस्टंटने सहज विचारलं, तुमच्या तीन हार्पवाल्या कोण आहेत?

तीन? फायरबर्डच्या एकाहून जास्त आवृत्त्या आहेत. 1910 चा अख्खा बॅले, त्याला 4 4 4 4 फुंकवाद्यं, 3 हार्प, पियानो, सेलेस्टा, आणि साधारण 45 मिनिटं. मग 1919 चं सूट, 2 2 2 2, एक हार्प, जेमतेम 22 मिनिटं, आणि सगळीकडे बहुतेक तेच वाजतं. शिवाय 1911 चं एक आणि 1945 चं एक. मी 1919 धरलं होतं, कंडक्टरच्या मनात 1910 होतं, आणि ईमेलमध्ये नुसतं "फायरबर्ड". हिशोब केला तर बाहेरची 8 माणसं जास्त, प्रत्येकी 7 सर्व्हिस, म्हणजे 56 सर्व्हिसचे पैसे जे बजेटमध्ये कुठेच नव्हते. शिवाय मिनिटांत बसवायचं तर रॅव्हेल काढावं लागणार, आणि त्या बाईंना कोण सांगणार. मी दोन रात्री झोपले नाही. शेवटी आमच्या लायब्ररियनने सुचवलं, 1945 चं सूट विचारून बघ. त्यात 1919 पेक्षा जास्त संगीत आहे, साधारण अर्धा तास, आणि माणसं मात्र 1919 एवढीच लागतात. फक्त ते भाड्याने आणावं लागतं. कंडक्टर थोडा कुरकुरला, मग म्हणाला चालेल. तेव्हापासून माझ्या प्रत्येक ईमेलमध्ये कृतीचं नाव, साल, आवृत्ती, प्रकाशक आणि मिनिटं, पाचही गोष्टी असतात, आणि समोरच्याने "हो हो तेच" म्हटलं तरी मी परत लिहून विचारते. लोक हसतात. हसू देत. ब्रुकनरच्या 8 व्या सिंफनीला हास आणि नोवाक अशा दोन एडिशन आहेत, हासमध्ये काही पानं जास्त आहेत, आणि कंडक्टर एका एडिशनचा स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं संगीत) घेऊन उभा आणि वादकांपुढे दुसऱ्या एडिशनचे पार्ट (ज्याच्या त्याच्या वाद्यापुरती पानं), असं एका ऑर्केस्ट्रात पहिल्या रिहर्सलला झालेलं मी ऐकलंय. आमच्याकडे नाही झालं, देवाची कृपा.

भाड्याचा विषय निघालाच आहे तर. जुन्या संगीताचे पार्ट आपण विकत घेऊन कपाटात ठेवतो, बेथोव्हेन, ब्राम्स, चायकोव्हस्की, आयुष्यभर तेच, त्यावर जुन्या कॉन्सर्टमास्टरांच्या (पहिल्या व्हायोलिनवाल्यांचा प्रमुख तो कॉन्सर्टमास्टर) पेन्सिलीच्या खुणा. कॉपीराइटमधलं संगीत मात्र बहुतेक वेळा विकत मिळतच नाही, प्रकाशकाकडून भाड्याने येतं आणि कॉन्सर्टनंतर खुणा खोडून परत पाठवायचं. अमेरिकेत याची एक वेगळीच भानगड झाली. शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह वगैरे सोव्हिएत संगीत इथे बराच काळ कॉपीराइटच्या बाहेर होतं, छोटे ऑर्केस्ट्रा स्वस्तात पार्ट घेऊन वाजवायचे. 1994 साली कायदा झाला आणि 1996 पासून ते परत कॉपीराइटमध्ये गेलं. गोलान नावाचे एक कंडक्टर त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि 2012 मध्ये हरले. मोठ्या ऑर्केस्ट्राला काय फरक पडतो, पण कॉलेजच्या, गावातल्या ऑर्केस्ट्राला पीटर अँड द वुल्फ मुलांसाठी वाजवायचं तर भाडं भरावं लागायला लागलं. भारतात हिशोब वेगळा आहे, संगीतकार गेल्यानंतर 60 वर्षं, म्हणजे 1953 मध्ये गेलेला प्रोकोफिएव्ह मोकळा झाला आणि 1975 मध्ये गेलेला शोस्ताकोविच 2035 संपेपर्यंत नाही. मुंबईत काम करणार असशील तर हे डोक्यात ठेव, कारण इंटरनेटवर फुकट पीडीएफ दिसली म्हणजे ती आपल्या देशात वाजवायला मोकळी असतेच असं नाही.

आता सोलोइस्ट आणि मानपान. एजंट दरवर्षी एक यादी पाठवतो, की या सीझनला आमची व्हायोलिनिस्ट सिबेलियस, प्रोकोफिएव्ह 2 आणि मोझार्ट 5 वाजवते आहे. त्यातलंच निवडायचं. तिला तूच म्हणालीस की नाही आम्हाला ब्राम्स हवाय, तर ती एका आठवड्यासाठी ब्राम्स बोटांत आणणार नाही, आणि आणलाच तर फी त्याप्रमाणे. मग करारात ओळ असते की आमच्याकडे वाजवण्याआधी इतके महिने, इतक्या मैलांच्या आत दुसरीकडे वाजवायचं नाही. मग व्हिसा. परदेशी सोलोइस्टला बहुतेक वेळा ओ-1, त्यासाठी आम्ही अर्ज करायचा, युनियनचं पत्र जोडायचं, त्या माणसाच्या पेपरातल्या कात्रणांचा गठ्ठा द्यायचा. मग टॅक्स, परदेशी कलाकाराच्या फीमधून एरवी 30 टक्के कापून सरकारला भरायचे, कमी कापायचे असतील तर आधी वेगळी परवानगी काढायची. हे आधी नीट समजावलं नाही तर कॉन्सर्ट झाल्यावर ग्रीनरूममध्ये जे रुसवेफुगवे होतात ते आपल्या लग्नातल्या व्याह्यांना लाजवतील. पियानिस्टांचं अजून एक, कुठला स्टाइनवे, न्यूयॉर्कचा की हॅम्बर्गचा. मला अजून कानाने धड फरक सांगता येत नाही पण मी मान डोलावते.

आणि आजारपणं! याची तयारी म्हणजे अर्धी नोकरी. 14 नोव्हेंबर 1943 ला ब्रुनो वॉल्टर आजारी पडले आणि 25 वर्षांच्या लेनर्ड बर्नस्टाइनने रिहर्सलशिवाय न्यूयॉर्क फिलहार्मोनिक कंडक्ट केली, ती गोष्ट सगळे सांगतात. 1999 मध्ये आंद्रे वॉट्सच्या जागी 17 वर्षांचा लांग लांग शिकागो सिंफनीबरोबर बसला आणि त्याचं नशीब उघडलं. पण या गोष्टींत एक माणूस कधीच नसतो, तो म्हणजे रात्री अकरा वाजता फोन फिरवणारा ऑफिसातला माणूस. आमच्याकडे एकदा मंगळवारी रात्री पियानिस्टचा निरोप, मनगट दुखतंय, शुक्रवारी रखमनिनॉफचा 3 रा पियानो कॉन्चर्टो जमणार नाही. माझ्या खणात एक यादी असते, कोण काय वाजवतंय आणि कुठे आहे याची. ती घेऊन बसले. जो 3 वाजवणारा होता तो युरोपात आणि त्याच्याकडे व्हिसा नाही. जो देशात होता त्याच्या बोटांत या महिन्यात 2 होता. मग पटकन तीन गोष्टी बघितल्या. 2 ची माणसं 3 पेक्षा जास्त नाहीत ना, नाहीत, दोन्हीकडे 2 2 2 2 – 4 2 3 1 च, उलट पर्कशन थोडं कमी. मिनिटं, 42 च्या ऐवजी 34, काही हरकत नाही. पार्ट, आपल्या कपाटात आहेत. बुधवारी सकाळी लायब्ररियनने सगळे पार्ट काढून बोइंग तपासल्या, गुरुवारी तो पियानिस्ट विमानतळावरून थेट रिहर्सलला. कॉन्सर्ट छान झाली. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी बाहेर लॉबीत उभी होते आणि एक आजोबा तावातावाने विचारत होते की मी 3 चं तिकीट काढलंय, 2 का वाजवलात.

बोइंग म्हणजे काय ते तुला व्हायोलिनमुळे माहीत असेलच, गज खाली की वर त्याच्या खुणा. कॉन्सर्टमास्टर एका पार्टवर खुणा करून देतो आणि लायब्ररीतल्या माणसाने त्या सगळ्या स्टँडच्या पार्टवर पेन्सिलीने उतरवायच्या. माझी पहिली 6 वर्षं यातच गेली, मालरच्या एकेका सिंफनीला आठवडा लागायचा. तेव्हा वैताग यायचा पण आता वाटतं की खरं शिक्षण तेच झालं, कारण कुठलं वाद्य किती वेळ गप्प बसतं, पान कुठे उलटतं, ओबोवाल्याला इंग्लिश हॉर्न उचलायला किती बार मिळतात हे तिथे डोळ्याखालून जातं. म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, स्टेजवर वाजवण्याइतकं वाजवता यायला लागत नाही. मी लहानपणी आठ वर्षं सतार शिकले आणि व्हायोलिन अगदी जेमतेम. पण स्कोअर वाचता यायलाच हवा. त्याला पर्याय नाही. वाचता येत नसेल तर एजंट आणि कंडक्टर दोघंही तुला गुंडाळून ठेवतील, आणि तुला कळणार पण नाही.

मुंबईचं विचारलंस. 1935 मध्ये मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी उभी केली होती, झुबिन मेहतांचे वडील, आणि तेव्हापासून मुंबईच्या पाश्चात्य संगीतात गोव्याच्या वादकांचा फार मोठा वाटा राहिला, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेली माणसं, दिवसा फिल्म स्टुडिओत आणि संध्याकाळी बेथोव्हेन. आज पगारी म्हणावा असा ऑर्केस्ट्रा म्हणजे सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, 2006 मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी सुरू केला. तिथला नमुना आमच्यापेक्षा वेगळा आहे. कायम राहणारा छोटा गट आणि मोठ्या सीझनला परदेशातून बरेच वादक. म्हणजे आम्ही ज्या खुर्च्या पगारी धरून चालतो त्यातल्या पुष्कळ तिथे विमानाच्या तिकिटासकट मोजाव्या लागतात. मग सहाजिकच सगळं वर्षातून ठरावीक आठवड्यांत गोळा करून करायचं, कारण शंभर माणसं मुंबईत उतरलीच आहेत तर लागोपाठ दोन-तीन कार्यक्रम करून घ्यायचे. अशा ठिकाणी आकड्यांची जोडणी आमच्याहून दसपट महत्त्वाची. पहिल्या कार्यक्रमाला लागणारा कॉन्ट्राबसून दुसऱ्याला पण कामाला आला पाहिजे, नाहीतर त्याने चार दिवस मरीन ड्राइव्हवर शेंगदाणे खात बसायचं.

तिथली मला आवडणारी एक गोष्ट म्हणजे झाकिरभाईंचा (झाकिर हुसेन) पेशकार, तबला आणि ऑर्केस्ट्राचा कॉन्चर्टो, याच ऑर्केस्ट्राने 2015 मध्ये पहिल्यांदा वाजवला आणि 2019 च्या ब्रिटनच्या दौऱ्यावर पण नेला. प्लॅनिंगच्या नजरेने असल्या कार्यक्रमाचे प्रश्न एकदम वेगळे. तबलजीने कायद्याला (तबल्यातली विस्तार करत न्यायची रचना) दोन आवर्तनं जास्त लावली तर सत्तर माणसांनी कुठे यायचं, मग कंडक्टर आणि तबलजी यांच्यात तिहाईची खूण ठरवायची. तबला जमिनीवर की चौथऱ्यावर, चौथरा असेल तर व्हायोलिनचे पहिले दोन स्टँड मागे. माइक लावायचा की नाही, लावला तर बाकी ऑर्केस्ट्रा विनामाइक आणि हा एकटा स्पीकरमधून, ते कानाला खटकतं. आणि तबला ज्या सुरात मिळवलाय तो ऑर्केस्ट्रा ज्या सुरावर वाद्यं मिळवतो त्या ए शी, 440 असो की 442, जुळायला हवा, हॉलमधल्या एसीने पुडी उतरली की परत हातोडी. रविशंकरांचा पहिला सतार कॉन्चर्टो 1971 मध्ये लंडन सिंफनी आणि कंडक्टर आंद्रे प्रेव्हिनबरोबर, दुसरा 1981 मध्ये न्यूयॉर्कमध्ये झुबिन मेहतांबरोबर, तेव्हा पण ऑफिसात कोणीतरी बसून हेच प्रश्न सोडवले असणार. इथे आपल्या माणसाला खरी संधी आहे असं मला वाटतं. तिहाई म्हणजे काय ते माहीत असलेला आणि 2 2 2 2 – 4 2 3 1 पण वाचता येणारा माणूस माझ्या ओळखीत फार कमी आहे.

एमबीएचा उपयोग होतो का, होतो, बजेट करताना. पण कुठल्याही ऑर्केस्ट्रात थेट प्लॅनिंगमध्ये कोणी घेत नाही. लायब्ररी, स्टेज, पर्सोनेल यापैकी कुठे तरी आधी घुसायचं, खुर्च्या मांडायच्या, पार्ट मोजायचे. पगार सुरुवातीला कमी, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी काम, दिवाळीला सुट्टी मिळेलच असं नाही कारण नोव्हेंबर म्हणजे ऐन सीझन.

तोपर्यंत तुला एक गृहपाठ देते. समज तुझ्याकडे 2 2 2 2 – 4 2 3 1, टिंपनी, एक पर्कशनवाला आणि स्ट्रिंग्ज 12 10 8 6 4 (पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास) आहेत. हार्प नाही, पियानो हवा तर फक्त एका कार्यक्रमात. तीन कार्यक्रम बनव, प्रत्येक अर्धा 45 मिनिटांच्या आत, तिन्हींत मिळून एकच कृती भाड्याची, आणि एक तरी संगीतकार जिवंत असायला हवा. प्रत्येक कृतीपुढे साल, एडिशन आणि मिनिटं लिही. मला पाठव, मी लाल पेनाने तपासते. आणि ड्वोर्झाक 9 घेतलीस तर इंग्लिश हॉर्न कोण वाजवणार, आणि तिसऱ्या भागातला ट्रँगल ठेवून शेवटच्या भागातली झांज उचलायला त्या एकट्या पर्कशनवाल्याला वेळ मिळतो का, ते स्कोअरमध्ये बघून लिही.